परत जाताना मिळतील

इंग्रिडला वाटतं, तिला माझ्याबद्दल सगळं माहीत आहे. इतक्या वर्षांच्या संसारानंतर तसं वाटणं साहजिक आहे, आणि ही एक गोष्ट सोडली तर ते खरंही आहे. ही गोष्ट मी तिला सांगितली नाही. पुण्यातल्या भावाला नाही, इथल्या मित्रांना नाही. देवापुढे हात जोडून मनातल्या मनात — तिथेही नाही, कारण तिथे उभा राहिलो की मी दुसरंच काहीतरी पुटपुटायला लागतो. आज तुम्हाला सांगतो आहे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल.

सुरुवात कुठून करू? प्रत्येक वेळी डोळ्यांसमोर आधी धुकं येतं. हॅम्बर्गचं, एल्ब नदीवरचं सकाळचं धुकं. त्यात पलीकडचा किनारा नसतोच; बंदरातल्या क्रेनच्या माना तेवढ्या वर तरंगत असतात, खाली काही नसल्यासारख्या. आमचं ऑफिस नदीपलीकडे होतं. विमानांचे सुटे भाग बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी, मी तिथल्या पगार आणि कर्मचारी विभागात. रोज फेरीबोटीनं जायचो. आणि बोटीच्या वरच्या डेकवर, कॉफीचा कागदी कप दोन्ही हातांत धरून, माझ्या शेजारी केदार उभा असायचा.

केदार माझा नात्यानं कुणी नाही. सांगलीजवळच्या माधवनगरचा मुलगा. जर्मनीतल्याच ब्राउनश्वाइगला शिकला आणि आमच्या कंपनीत डिझाइनमध्ये लागला. पहिल्याच दिवशी माझ्या टेबलाशी येऊन त्यानं नाव वाचलं — जर्मन माणसं माझ्या ‘जोग’चं ‘योग’ करतात, गेली कित्येक वर्षं मी ‘हेर योग’, म्हणजे श्रीयुत योग, आहे — आणि हळूच मराठीत म्हणाला, “काका, तुम्ही आपले का?”

आपले. त्या शब्दानं मला किती बरं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

बोटीवर तो वडिलांच्या वर्कशॉपबद्दल बोलायचा. पत्र्याचं छप्पर, दोन जुने लेथ, कूलंटचा आंबूस वास, दाराशी स्टुलावर बसून हातातला जॉब, नुकताच घडवलेला भाग, मायक्रोमीटरनं मोजणारे वडील. आणि आत, मागच्या भिंतीशी, काँक्रीटचा एक रिकामा ओटा. केदार जर्मनीला निघाला त्याच वर्षी वडिलांनी तो भरून घेतला होता. सीएनसी मशीनचं, संगणकावर चालणाऱ्या लेथचं, फाउंडेशन. मशीन नव्हतं, मशीनचे पैसे नव्हते; ओटा तयार होता. “बाबा म्हणतात, तू काही वर्षं काम शिकून ये, तुझ्या मशीनची जागा धरून ठेवलीय,” असं सांगून केदार हसायचा. त्या ओट्यावर तोपर्यंत शेजारची मुलं सायकली लावायची.

मी माधवनगरला कधी गेलो नाही. पण ते वर्कशॉप मला पाठ आहे. धुक्यातून बोट सरकत असायची, इंजिनाची घरघर पायांतून वर चढायची, आणि त्याच्या बोलण्यातून पलीकडच्या किनाऱ्याऐवजी ते पत्र्याचं छप्पर हळूहळू दिसायला लागायचं. अजून दिसतं. दुपारी खुर्चीत डोळा लागला की मी तिथे असतो. दारातून ऊन आत आलेलं असतं, लोखंडाचा कीस चमकत असतो, आणि मी त्या ओट्याकडे जायचं टाळत भिंतीच्या कडेकडेनं चालत असतो.

का टाळतो, तेच सांगायचं आहे.

त्या सुमारास — दोन हजार पाचचं साल असेल — आमच्या कंपनीत एक योजना जोरात आली. तिचं जर्मन नाव एका दमात म्हणता येत नाही इतकं लांब आहे. अर्थ सोपा. पगार हातात पडण्याआधीच त्यातला काही भाग पेन्शनच्या विम्यात वळवायचा. वळवलेल्या भागावर आयकर नाही. आरोग्य, पेन्शन, बेकारी या सरकारी विम्यांची वर्गणीही नाही. म्हणजे कर्मचाऱ्याच्या खिशातून जेवढे जातात त्यापेक्षा कितीतरी जास्त त्याच्या नावावर जमतात. आणि मालकाचंही भलं — त्या वर्गण्यांतला जवळजवळ अर्धा वाटा इथे मालक भरतो. कर्मचाऱ्यानं पगार वळवला की मालकाचा तो वाटा वाचतो. त्यानं स्वतःहून काही न देता.

योजना वाईट नव्हती. हे मुद्दाम सांगतो. जो माणूस इथेच म्हातारा होणार आहे त्याच्यासाठी ती पुष्कळ चांगली होती. मीही त्यात होतो.

पण पैसा अडकायचा. साठी येईपर्यंत हात लावायचा नाही. नोकरी सोडली, देश सोडला, तरी तो तिथेच. अगदी थोडे अपवाद होते, आणि ज्याचा मुक्काम पाच वर्षांच्या पुढे गेला त्या परदेशी माणसाला तेही लागू नव्हते. शिवाय पहिल्या काही वर्षांच्या हप्त्यांतला मोठा भाग विमा विकणाऱ्याच्या कमिशनमध्येच जिरायचा. हे सगळं मला माहीत होतं. त्या विभागात मलाच ते सगळ्यांत जास्त माहीत होतं.

आमचे साहेब, हेर ब्रांट, यांना हवं होतं की जास्तीत जास्त लोकांनी यात यावं. त्यांनी ते काम माझ्याकडे दिलं. “हेर योग, लोक तुमच्यावर विश्वास ठेवतात,” असं म्हणाले. एवढी वर्षं त्या इमारतीत काढली होती मी, आणि हे वाक्य पहिल्यांदा ऐकत होतो. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. सबंध नोकरी मी दुसऱ्यानं घेतलेले निर्णय व्यवस्थित अमलात आणण्यात घालवलेली. आता कुणीतरी म्हणत होतं, हे तुमचं.

जर्मन सहकारी काही लगेच पटणारे नव्हते. ते कागद घरी न्यायचे. बायकोला दाखवायचे, मेहुण्याला दाखवायचे, ग्राहक सल्ला केंद्रात जाऊन यायचे. मग परत येऊन, पेन्सिलीनं खुणा केलेला एकेक मुद्दा बोटानं दाखवत विचारायचे, आल्झो — तर मग — हेर योग, इथे नक्की काय म्हणायचंय? मी उत्तरं द्यायचो. खरी उत्तरं द्यायचो. त्यातले निम्मे मग नको म्हणायचे.

आणि आपली मुलं? कंपनीत भारतीय मुलं-मुली पाच-सहा होती, बहुतेक मराठी. ती कागद वाचायची नाहीत. “काका, तुम्ही बघितलंय ना? मग कुठे सही करू?” एवढंच. आपल्याकडे असंच असतं. घरातल्या मोठ्या माणसानं कागद पुढे केला की तो वाचायला बसणं हा त्याचा अपमान. मला ते इतकं आवडायचं — काय सांगू. जर्मन माणसासमोर दिवसभर घसा कोरडा करून संध्याकाळी एका मराठी मुलाची सही घ्यायची म्हणजे घरी येऊन पाय धुतल्यासारखं वाटायचं.

एकटा केदार राहिला होता. त्यानंही कागद वाचला नव्हता, पण त्याला एक गोष्ट विचारायची होती. आणि ती त्यानं विचारली.

आमच्या घरी दीड दिवसाचा गणपती असतो. इंग्रिड मोदक करते. माझ्या आईनं शिकवलेले. कळ्या मात्र तिच्या स्वतःच्या, जरा शिस्तीतल्या. आईचं ऐकून ऐकून ती मला ‘अहो’ म्हणते. पहिली दोन वर्षं तिला ते माझं घरातलं नाव वाटत होतं. त्या दिवशी घर भरलेलं होतं. खिडकीबाहेर पाऊस, आत तुपाचा आणि अगरबत्तीचा वास, मुलांचा जर्मनमधला दंगा. पंगतीत मी वाढत होतो. ती सगळी दुपार मला आता पाण्याखालून पाहिल्यासारखी दिसते — माणसं हलताना दिसतात, आवाज लांबून येतात. फक्त केदारचा आवाज अगदी जवळून येतो.

“काका, ते पेन्शनचं... मी तर इथे राहणार नाहीये. चार-पाच वर्षांनी जाणार. मग ते पैसे?”

शेजारी बसलेला नितीन म्हणाला, “अरे, काकांना जेवू घालू दे आधी. गणपतीत तरी टॅक्स नको.” नितीन जहाजांच्या कंपनीतला, आमच्या मंडळातला बोलका माणूस.

“तसं नाही रे. त्यातून मशीनच्या कर्जासाठी आपल्या वाट्याचं मार्जिन मनी उभं राहणार असेल तर मी टाकतो. नाहीतर आपलं बँकेतच बरं.”

त्यानं किती नीट विचारलं होतं बघा. काहीही मोघम नव्हतं. त्याला काय हवं आहे, कशासाठी, कधी — सगळं त्या दोन वाक्यांत होतं. आणि उत्तर एका शब्दाचं होतं. नाही. नको टाकूस. बँकेत ठेव.

माझ्या हातात मोदकांचं ताट होतं. सगळे माझ्याकडे बघत होते, त्यात आधीच सह्या केलेली मुलंही होती. केदारला नाही म्हटलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, मग आमचं काय? आणि उद्या ऑफिसात हेर ब्रांट विचारणार होते, झाले का सगळे?

मी म्हणालो, “परत जाताना मिळतील.”

आणि त्याच्या पानात मोदक वाढला.

“गेनाऊ, अगदी बरोबर,” नितीन म्हणाला. “काका म्हणाले म्हणजे झालं.”

एवढंच झालं. आभाळ कोसळलं नाही. केदारनं मोदक फोडला, तूप घेतलं. दुसऱ्या दिवशी सही केली. मला वाटलं होतं — काय वाटलं होतं मला? की हा जाणार-जाणार म्हणतो, पण जाणार नाही. कुणी जात नाही. मी तरी कुठे गेलो? मीही पाच वर्षांसाठीच आलो होतो. त्याच्या मनातलं माधवनगर असंच बोटीवर बोलता बोलता विरळ होत जाईल, असं मी गृहीत धरलं. दुसऱ्याचं परत जाणं मी खोटं धरून चाललो.

त्यानंतरची वर्षं छान गेली. हे विचित्र आहे, पण खरं आहे. सकाळी बोट, धुकं, कॉफी, वर्कशॉपच्या गोष्टी. तो पुढच्या पगारवाढीतलाही भाग त्यात वळवायचा, नाताळचा बोनस त्यात टाकायचा. कायदा जेवढं घालू देतो तेवढं. कर वाचतोय म्हणून खूश व्हायचा. “काका, बाबांना सांगितलं मी, जर्मन सरकार आपल्या मशीनला हातभार लावतंय.” मी नदीकडे बघायचो. खरं सांगायला रोज सकाळी अर्धा तास मिळत होता मला, आणि ऐकणारा शेजारीच उभा होता. काय अडवत होतं? हप्ते थांबवता आले असते. निदान पुढचं नुकसान टळलं असतं. पण प्रत्येक सकाळ आदल्या सकाळपेक्षा अवघड झालेली असायची, आणि मी म्हणायचो, उद्या.

मग मंदी आली. विमानांच्या ऑर्डरी घटल्या, कंपनीत कामाचे तास कमी केले, पगार आखडले. पुष्कळजण घाबरले. केदार घाबरला नाही. एका सकाळी बोटीवर येऊन म्हणाला, “काका, हीच वेळ. बाबांचे गुडघे गेलेत, दोन गिऱ्हाइकं म्हणतायत सीएनसी लावलंत तर काम देतो, बँक तयार आहे. मार्चअखेर जातो.” त्याचा चेहरा इतका मोकळा होता. मी म्हणालो, वा. एवढंच म्हणालो. आणि बोटीतून उतरून ऑफिसात जाऊन बसलो, दार लावून.

त्यानं विमा कंपनीला परस्पर लिहिलं. उत्तर आलं — साठीनंतर. त्याआधी काही नाही.

तो माझ्याकडे आला तेव्हाही चिडलेला नव्हता. गोंधळलेला होता. काहीतरी चुकून आलंय, काका ते सरळ करतील, असा त्याचा चेहरा. मी म्हणालो, बघतो. दोन आठवडे ‘बघतो’ म्हणत राहिलो. शेवटी त्याच्याबरोबर काम करणाऱ्या कुणीतरी त्याला बेट्रीब्सराटकडे पाठवलं. ही कर्मचाऱ्यांनी निवडून दिलेली समिती असते, कंपनीशी त्यांच्या वतीनं भांडणारी. तिथल्या फ्राऊ हार्म्स या बाईंनी बैठक बोलावली. हेर ब्रांट, मी, केदार, त्या स्वतः.

आता जे लिहितो आहे ते मी हळू लिहितो. मला घाई करून पुढे जायची सवय आहे.

बैठकीआधी फ्राऊ हार्म्स यांनी मला एकट्याला गाठून कायदा समजावून सांगितला होता, जसा काही मला तो माहीत नव्हता. कंपनीच्या माणसानं, आपल्या कामाचा भाग म्हणून, कर्मचाऱ्याला चुकीची माहिती दिली असेल, तर नुकसान कंपनीनं भरून द्यायचं. “तुम्ही तसं म्हणाला असाल तर म्हणाला असाल, हेर योग. माणसाकडून होतं. त्याला त्याचे पैसे मिळतील आणि विषय संपेल.” बाईंनी दार उघडून धरलं होतं. मला फक्त आत जायचं होतं. फार तर काय झालं असतं? हेर ब्रांट यांचं तोंड वाकडं झालं असतं. निवृत्तीआधी काम कमी करण्याची सवलत मला मिळायची होती, ती कदाचित लांबली असती. आणि पाच-सहा मराठी घरांत लोक म्हणाले असते, काका चुकले.

बैठकीची खोली नदीकडे तोंड करून होती. बाहेर नेहमीचं धुकं. फ्राऊ हार्म्स यांनी केदारला विचारलं, परत जाताना पैसे मिळतील असं तुम्हाला कुणी सांगितलं?

केदारनं माझ्याकडे पाहिलं आणि मराठीत एकच शब्द म्हणाला. “काका?”

तो मला विचारत होता. सांगू का? तुमचं नाव घेऊ का? तुम्ही सांगताय का? एका शब्दात त्यानं मला पुढे जायची वाट करून दिली. मोठ्यांना आधी बोलू द्यायचं असतं ना आपल्याकडे.

मी जर्मनमध्ये म्हणालो, “असं मी कधीही म्हटलेलं नाही.”

स्वच्छ, व्याकरणशुद्ध जर्मन. ते वाक्य अजून माझ्या कानात आहे, आणि त्यातला माझा आवाज शांत आहे. हात थरथरत होते, घाम फुटला होता, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही नव्हतं.

फ्राऊ हार्म्स केदारकडे वळल्या. “तुम्हाला नक्की आठवतंय? त्या वेळी तिथे आणखी कुणी होतं?”

होते की. सबंध पंगत होती. नितीन होता, इतर मुलं होती, इंग्रिड आतबाहेर करत होती. त्यानं एक नाव घेतलं असतं तरी पुरलं असतं. केदार जर्मनमध्येच म्हणाला, “नाही. माझाच गैरसमज झाला असेल. मी कागद वाचायला हवा होता. हेर योग यांनी बरोबरच सांगितलं असणार.”

हेर ब्रांट यांनी मान डोलावली आणि विषय संपला. बाहेर पडताना फ्राऊ हार्म्स माझ्याजवळ थांबल्या. “तुमच्याकडची मुलं फार सभ्य असतात, नाही?” म्हणाल्या, आणि माझ्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत.

त्या संध्याकाळी बोटीवर केदार आला. मला वाटलं होतं तो खालच्या डेकवर बसेल, नाहीतर पुढची बोट पकडेल. तो आला, दोन कॉफ्या घेऊन आला, एक माझ्या हातात दिली.

“काका, तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” म्हणाला. “चारचौघांत उगाच तुमचं नाव आलं. माझ्याच डोक्यात काहीतरी अर्धवट राहिलं असणार.”

मी कॉफी प्यायलो. पाणी काळं होत चाललं होतं, पलीकडचे दिवे लागत होते, आणि त्या दिवशी तो वर्कशॉपबद्दल काहीच बोलला नाही. पुन्हा कधीच बोलला नाही.

तो मार्चअखेर गेला नाही. त्यानंतरच्या मार्चलाही नाही. बँकेला दाखवायला हातात काही नव्हतं, आणि नव्यानं जमवेपर्यंत ती दोन गिऱ्हाइकं दुसरीकडे गेली. वडिलांनी लेथ विकले, जागा भाड्यानं दिली. भाडेकरूनं तो काँक्रीटचा ओटा फोडला, त्याला फरशी सपाट हवी होती म्हणून. हे मला केदारनं नाही, त्याच्या आईनं सांगितलं, फोनवर, दिवाळीच्या शुभेच्छा देताना, सहज. “आम्हा दोघांची सवय होती हो ती, संध्याकाळी त्यावर टेकायची,” म्हणाल्या. पुढे वडील गेले, तेव्हा केदार विमानात होता.

आणि हॅम्बर्गच्या मराठी मंडळींत काय झालं, ते ऐका. एखादा नवा मुलगा न वाचता सही करायला निघाला की नितीन त्याला म्हणतो, “बाबा रे, केदार करू नकोस.” सगळे हसतात. हा आमच्यात शब्दच होऊन गेला. सहलीला रस्ता चुकला, चुकीची गाडी पकडली, तरी, “केदार केलास का?” त्या दिवशी पंगतीत नितीन स्वतः होता, स्वतः ‘गेनाऊ’ म्हणाला होता, पण तो ते विसरला. लोक विसरतात. केदारनं स्वतःच सगळ्यांना सांगितलं होतं की गैरसमज त्याचा होता, मग दुसरं आठवायचं कारण काय? मीही हसायचो. त्याच्यासमोरही हसलो आहे. तोही हसायचा.

बरीच वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की त्यालाही तसंच वाटतं. की काळ गेला तसं माझं खोटं त्याच्याही आठवणीत खरं होऊन बसलं. माणसाला किती काय पटवून घेता येतं.

पुढे तो ब्राउनश्वाइगला गेला, तिथल्या नोकरीत स्थिरावला, लग्न झालं. बायको सायली, दोन मुली. मराठी समजणाऱ्या आणि उत्तर जर्मनमध्ये देणाऱ्या. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो होतो. दारातच तो वाकला, मुलींनाही वाकायला लावलं. म्हणाला, “हे आजोबा. इथे आलो तेव्हा मला यांनी सांभाळलं.” धाकटीनं जर्मनमध्ये विचारलं, तू काय लहान होतास का? सगळे हसले. इंग्रिडनं तिला मांडीवर घेतलं.

जेवणं झाल्यावर सायली म्हणाली, “काका, माझ्या ऑफिसात ते पगार वळवायचं काहीतरी आलंय, कर वाचतो म्हणे. तुम्ही त्यातलेच ना? घ्यावं का हो मी?”

मी सावरून बसलो. म्हातारपणी कुणी असं काही विचारलं की अंगात बळ येतं. त्या क्षणी मला खरोखर काहीच आठवलं नाही. मी तोंड उघडलं.

“सायली, कागद आहेत ना तुझ्याकडे?” केदार म्हणाला. आवाज नेहमीचा, मऊ. “ते आण. आपण दोघं रविवारी बसून वाचू. काकांना कशाला त्रास.” आणि माझ्याकडे वळून, “काका, चहा टाकू? आलं घालून?”

त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. टोमणा नव्हता. मी नंतर कितीतरी वेळा तो चेहरा डोळ्यांसमोर आणून शोधला, काही सापडत नाही. त्यानं फक्त, एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या हातातून गरम भांडं काढून घ्यावं तसा, तो प्रश्न माझ्याकडून काढून घेतला. मी म्हणालो, हो, टाक.

तेव्हा मला कळलं. तो कधीच विसरला नव्हता. त्या खोलीत मी काय करतो आहे हे त्याला तेव्हाच दिसलं होतं, आणि इतक्या जणांसमोर काकाला खोटं पाडायचं नाही म्हणून त्यानं आपला माधवनगरचा रस्ता सोडून दिला. मग दोन कॉफ्या घेऊन वर आला. आणि पुढची सगळी वर्षं दरवेळी माझ्या पाया पडला.

घरी येताना गाडीत इंग्रिड म्हणाली, “अहो, किती चांगला मुलगा आहे.” मी हो म्हणालो.

मी का खोटं बोललो याची कारणं वर कुठे कुठे आली असतील. ती कारणं आहेत, त्याहून जास्त काही नाहीत. पैसे परत करण्याचा विचार मी केला होता, एकदा नाही, पुष्कळदा. करू शकलोही असतो. पण दिले असते तर का देतो आहे ते सांगावं लागलं असतं, म्हणून दिले नाहीत. हेही इथेच लिहून ठेवतो.

तुम्ही मला ओळखत नाही, पण हे छापून आलं की आमच्यातल्या पुष्कळांच्याही हाती पडेल. त्यांच्यासाठी जे झालं ते सरळ लिहितो. गणपतीच्या पंगतीत केदारनं मला स्पष्ट प्रश्न विचारला. उत्तर मला ठाऊक होतं. मी त्याला त्याच्या उलट सांगितलं, साक्षीदारांसमोर सांगितलं, आणि चार वर्षांनी ते नाकारलं. त्याचा गैरसमज झाला नव्हता. बेसावध तो नव्हता. त्या घरात त्या दिवशी न वाचता सह्या केलेले बरेच होते. सही करायच्या आधी विचारणारा तो एकटा होता.

— श्रीधर जोग, हॅम्बर्ग